मामीचा कप्पा आणि तुझा पासवर्ड

चि. भाचेबुवांस मामाचे पोतंभर आशीर्वाद.

तुझी मान, पाठ आणि डोळे (कॉम्प्युटरवाल्यांचं एवढंच बिघडतं म्हणे) ठणठणीत असतील असं धरून चालतो. इकडे माझा गुडघा कुरकुरतोय, दुकान बरं चाललंय आणि तुझी मामी परवापासून धड बोललेली नाही. नव्या नोकरीमुळे पुढच्या महिन्यापासून सकाळचा फोन घेता येणार नाही, असा तुझा निरोप आला ना, तेव्हापासून. माइक तिने टेबलाच्या खणात टाकलाय.

हा सगळा घोळ मुळात तू घातलास. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलंस, डिस्कचे दोन कप्पे केलेस आणि दुसरा मामीला दिलास. अंधशाळेतल्या मुलांसाठी ती माइकवर गोष्टी वाचून त्यात साठवते. छान! पण तो कप्पा उघडायला (तुझ्या भाषेत ‘माउंट’ करायला) गेलं की मशीन ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं, आणि ॲडमिनिस्ट्रेटर बसलाय समुद्रापलीकडे. मग रोज सकाळी मामीने तुला फोन करायचा, तू तिकडून पासवर्ड टाकायचा, तेव्हा कुठे गोष्ट पुढे सरकणार. मला पासवर्ड द्यायचा नाही, का तर ‘मामा काहीतरी उडवतील’. उभा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला, लोक अडकलेल्या तिजोऱ्या उघडायला मला बोलावतात, आणि स्वतःच्या घरात मी बिनकिल्लीचा!

सध्याच्या गोष्टीत जहाज वादळात सापडलंय आणि कप्तानाचा पत्ता नाही. पुढे काय झालं, पुढे काय झालं म्हणून मुलांनी शाळेतल्या बाईंना भंडावून सोडलंय. हे असं अर्धवट टाकायचं? मी बाह्या सरसावल्या.

एकदा उघडलेला कप्पा मशीन बंद होईपर्यंत उघडाच राहतो, हे मी हेरलं होतं. मग बंद करायचंच कशाला? बटणावर पुठ्ठा चिकटवला आणि घरात फतवा काढला. पण तुझी आई आली (माझी थोरली बहीण ती, तिला फतवा ऐकवायची कुणाची छाती!) आणि इस्त्री लावायला नेमका तोच प्लग उपसला. वर मलाच झापलं की नुसतं घुं-घुं करणारं हे यंत्र फुकट कशाला जाळतोस.

मग शेजाऱ्याने त्याचा पेन ड्राइव्ह आणून लावला, तर तो काही न विचारता उघडला! मी बघतच राहिलो. बाहेरून आलेल्याला पायघड्या आणि घरात राहणाऱ्याला ‘आपण कोण?’ (जावयांच्या बाबतीत आपल्या घराण्यात हेच चालतं, पण ते असो.) म्हटलं, चला, घरच्यालाच पाहुणा करू. स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली, डबीत घालून केबलने जोडली, तर मशीन सुरूच होईना. पहिल्या कप्प्यात खुद्द लिनक्सच राहतं, हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? पाहुण्याबरोबर यजमानही घराबाहेर! मुकाट्याने सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरलाय, पण चालतंय.

शेवटी दुरुस्तीवाल्याला गाठलं. पोटभर हसून झाल्यावर तो म्हणाला, ॲडमिनिस्ट्रेटरने एकदाच लिहून ठेवायचं की मशीन सुरू होतानाच हा कप्पा उघडत जा, घरच्यांना पासवर्ड विचारू नकोस. बस्स! तेवढं तिकडून करून टाक, राजा, म्हणजे जहाज किनाऱ्याला लागेल. मामी अशी गप्प बसली की मला घर खायला उठतं रे.

तुझा,
मामा

ता. क. : पत्र मामीला वाचून दाखवलं, तर तिला हसू आवरेना. पासवर्ड तिला पहिल्या आठवड्यापासून पाठ आहे, तूच सांगितलास म्हणे, मला कळू न देण्याच्या अटीवर. मग रोज सकाळी फोन कशाला करायचीस, असं विचारलं तर म्हणते, ‘तो उचलायचा ना.’ अरे गुलामा, म्हणजे तुलाही ठाऊक होतं आणि तरी तू रोज उचलत होतास!

आणखी एक ता. क. : तेव्हा कप्प्याला हात लावू नकोस, आहे तसा राहू दे. नव्या नोकरीत तुला कुठली वेळ जमेल तेवढं कळव, त्या वेळी प्लग उपसायला ताईला इस्त्रीसकट बोलावून ठेवतो. माइक खणातून बाहेर आलाय आणि कप्तानही सापडलाय. पासवर्ड मात्र ती मला अजून सांगत नाही.