सोमवारची नवी चाल

सोम. १४ जुलै
आलं: पेटी, परभणीहून दुरुस्त होऊन. भाता नवा, तीन पट्ट्या घासल्या. ११०० रु. एसटीत पेटीचं लगेज वेगळं, ३५. उदबत्तीचा पुडा १, आपल्याच दुकानातला, तरी लिहिते, ४०.
पेटी नव्हती तेवढे सहा दिवस चाल झाली नाही. मामंजी मागे पदांची वही ठेवून गेले. त्यातलं एक पद दर सोमवारी मठात, बायकांच्या भजनात, नव्या चालीत म्हणायचं. चाल माझी. अकरा वर्षांत एक सोमवार चुकला नाही. आज चुकणार होता. चुकला नाही, तेच दुखतंय.
मंडळाच्या कमलमावशींनी विचारलं, "मग आज काय म्हणायचं गं?" मी मान खाली घातली. तर आमची धाकटी जाऊ सारिका, मंडळात येऊन वर्ष झालं नाही, मांडीवर पिंकी, म्हणते कशी, "मला एक सुचलीय, म्हणू का?"
म्हटली. पेटी नाही काही नाही, नुसत्या टाळांवर.
बायका डोलल्या. चाल बसली की ज्या बाईची चाल तिच्या ओटीत मावशी नारळ घालतात. तो दुसऱ्या ओटीत पडताना आज पहिल्यांदा पाहिला.

मंगळ. १५
नारळ फिरून आमच्याच स्वयंपाकघरात. फोडला सारिकाने, चटणी वाटली मी. हे म्हणाले, "चटणी लय भारी झालीय आज."
तिला सहज विचारलं, चाल कधी केलीस? "भांडी घासताना सुचली, अक्का."
भांडी मीही चोवीस वर्षं घासतेय.

शुक्र. १८
नेम पुन्हा सुरू. दुपारी दीडला सासूबाई, आमच्या आत्याबाई, आडव्या होतात, हे जेवून दुकानात जातात, सारिका पिंकीला घेऊन तिच्या खोलीत. मी देवघरात. पेटी, वही, एक उदबत्ती. ती विझेपर्यंत उठायचं नाही, सुचो न सुचो. मामंजी म्हणायचे, "सूर द्यायचं काम देवाचं, बसायचं काम आपलं." बसले. काही आलं नाही. मधे पंखा वाढवला, उदबत्ती लवकर संपावी म्हणून. मग लाज वाटली. शिवा शिवा. बंद केला.

सोम. २१
चाल म्हटली. "छान," म्हणाल्या. नुसतं छान. ढोलकीवाल्या गयाबाईनं तर तोंडावरच, "गेल्या सालच्या चालीवानीच वाटायलीय की."
नारळ मिळाला. मिळायचा म्हणून मिळाला.
घरी येताना सारिका मागून गुणगुणत होती. तिची चाल. माझी नाही.

गुरु. २४
काय काय करून पाहिलं: पदाच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात. पेटी बंद ठेवून नुसत्या टाळीवर. तीन दिवस चहा सोडला. तोंड पूर्वेऐवजी उत्तरेला. काही नाही. हात जुन्याच वाटेने जातात, बैल गोठ्याकडे जातो तसे.
सकाळी लिंगपूजेला डोळे मिटले की सारिका दिसते. तळहातावर देव आणि मनात जाऊ.
तिचं वाईट व्हावं असं मागितलं नाही. देवासमोर खोटं लिहीत नाही. एवढंच केलं, परवापासून भांडी मी घासायला घेतली. "राहू दे गं, तुला लेकरू आहे." आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "थोरली लय मायाळू हाय."
मलाही भांड्यांपाशी अजून काही सुचलं नाही. हात मात्र फुटले.

सोम. २८, पहिला श्रावण सोमवार
चाल म्हटली, बरी. पण आज गोष्ट वेगळीच.
शेवटच्या श्रावणी शनिवारी, २३ ऑगस्टला, पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात गावोगावच्या बायकांची भजनं आहेत. प्रत्येक मंडळाला एकच पद. माईकवर सांगणार: पद कुणाचं, चाल कुणाची.
गयाबाई म्हणाली, "आपलं पद महादेवाचं, जागा नरसिंहाची. चालंल का?" कमलमावशी, "देवांत भांडणं नसतात गं. बायकांत असतात." सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्याकडे बघून म्हणाल्या की काय?
ठरलं: येत्या सोमवारी जी चाल बसेल ती न्यायची. सारिका लगेच, "अक्काचीच न्या की." असं म्हणते. मोठेपणा पण हिलाच घ्यायचाय.
मामंजींच्या नावानंतर माझं नाव, माईकवर. हे एकदा कानांनी ऐकायचंय. हाव म्हणा. माझ्या नावाने घरात पत्रसुद्धा येत नाही, सगळं ह्यांच्या नावाने.

शुक्र. १ ऑगस्ट
आली.
उदबत्ती अर्धीही झाली नव्हती. बोटं आपोआप गेली. दुसऱ्या ओळीला मी नेहमी वर चढते, ही खाली उतरली आणि संथ फिरून पुन्हा पहिल्या जागी आली, झोक्यासारखी. पदाचे शब्द तिच्यात असे बसले, जसे काही मामंजींनी हीच चाल ऐकत लिहिले असावेत. चारदा म्हटली. डोळ्यांना पाणी. देवासमोर डोकं ठेवलं तर उठवेना.
बसायचं आपण. खरंच आहे.

सोम. ४
म्हणून झाली तरी बायका डोलतच होत्या. मग कमलमावशींनी नारळ उचलला. "हीच न्यायची पोखर्णीला."
गयाबाई, "ही कुठं दडवून ठेवली व्हती गं इतकी वर्सं?"
सारिका वाकून पाया पडली. म्हणाली, "लय गोड हाय अक्का. पिंकी तर लगेच झोपली बघा." आणि खाली बघायला लागली. माझ्या मनात आलं, जळतेय. इतकं बरं वाटलं की घरी येताना तिच्या पोरीला दहाचा बिस्किटपुडा घेतला.

गुरु. ७
सारिका राखीला माहेरी, पालमला. गणपतीला येईल. एसटीत बसवून आले. "पोखर्णीचं भजन कुणीतरी मोबाईलवर धरा, मला ऐकायचंय," म्हणाली.
बरं झालं गेली, असं आलं मनात. लिहून ठेवते.

रवि. १०
चार दुपारी बसले. चार उदबत्त्या. एक ओळसुद्धा नाही. घर इतकं शांत की पेटी उघडली तरी चोरी केल्यागत वाटतं.
संध्याकाळी आत्याबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "घर सुनं झालंय बाई. पोरीला निजवताना ती तुझी नवी चाल म्हणायची, तेवढ्यात माझाबी डोळा लागायचा."
"माझी कुठली?"
"आगं, पोखर्णीला न्यायची, नारळ मिळाला तीच की. शब्द न्हाईत, नुसतं हूं हूं."
"कधीपासून म्हणायची?"
"आखाडात म्हणायची का श्रावणात, मला काय तारखा ठावं? लय दिस झाले."
"सोमवारच्या आधी का नंतर, आठवा ना."
"शेंगा सोल. वकिलावानी इचारू नको."

सोम. ११
मठात गेले. जुनीच चाल म्हटली, पोट दुखतंय सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पेटी नसताना तरी घरातल्याच कुणीतरी वेळ निभावली होती.

मंगळ. १२
देवघर आणि सारिकाची खोली, मधे एका विटेची भिंत, वर आढ्याशी वीतभर उघडी. मी दीड ते अडीच इकडे. ती दीड ते अडीच तिकडे, पिंकीला झोळीत घालून. आठ महिने. मला कधी वाटलंच नाही.
ह्यांना देवघरात बसवलं, म्हटलं पेटीवर नुसती बोटं दाबा. "येडी झालीस का?" म्हणाले, पण दाबली. मी तिकडे झोळीपाशी उभी. सगळं ऐकू येतं. भाताचा श्वाससुद्धा.
म्हणजे तिचं मला ऐकू यायचं. आणि माझं तिला. मी चार-चारदा म्हणायचे. तिने माझंच उचललं असेल, पोरीला निजवायला. का मी तिचं उचललं आणि देवाने दिलं म्हणून डोकं टेकलं?
वही काढली. पिंकी जन्मल्यापासूनच्या चाली पुन्हा म्हणून पाहिल्या. कुठली माझी, कुठली भिंतीची, सांगता येईना. दोन तर नक्की माझ्या, त्याच सगळ्यात रटाळ.
कमलमावशी म्हणाल्या, २० तारखेला पोखर्णीला नाव कळवायचं, "तुझंच लिहिते." मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, त्यातून हो निघालं.
मी गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. आत्याबाईंना तारखा आठवत नाहीत, सारिका बोलणार नाही. ती बोलणारी असती तर माझं काम सोपं होतं, भांडले असते.

बुध. १३
फोन नको. तिच्या माहेरी फोन आला की स्पीकरवर, सगळं घर ऐकतं. कार्ड पोस्टमन वाचतो. पाकिटं आणली दोन, १० रु. पत्र टाकण्याआधी इथे उतरवून ठेवते, म्हणजे मागाहून मलाच फिरता येणार नाही.

चि. सौ. सारिका हिस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. पिंकीला खोकला नाही ना? झोळी धुऊन ठेवली आहे.
एक विचारते. पोखर्णीला न्यायची चाल तू पिंकीला निजवताना म्हणायचीस असं आत्याबाई म्हणतात. ती माझी पेटी ऐकून म्हणायचीस, का माझ्या आधीपासून? मला खरंच माहीत नाही. भिंतीला विचारून झालं.
गोड बोलू नको. "अक्का, तुमचीच" असं मला बरं वाटावं म्हणून लिहू नको. तू तसंच लिहिशील म्हणून दोन दिवस पत्र लिहिलं नाही.
माझी असेल तर माझी म्हण, मी नाव सांगेन आणि वर मान करून ऐकेन. तुझी असेल तर तुझं नाव सांगेन. सांगताना चेहरा हसरा राहील असं वचन देत नाही. त्या नारळाचीही चटणी झाली, तो परत देता येणार नाही.
आणि एक. गेल्या महिन्यात तुझी भांडी मी मायेने घासली नाहीत. हे कुणाला सांगू नको.
२० तारखेच्या आत मावशींना सांगायचं आहे. आत दुकानाचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे, तुला खर्च नको. पाकिटावर माझं नाव घाल, ह्यांचं नको. जे असेल ते दोन ओळींत, उलट टपाली कळव.