सरकतं पान

३ नोव्हेंबर, सोमवार
आलो बुवा एकदाचा लेकीकडे! घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. जन्मभर लिफ्टमन म्हणून लोकांना वरखाली नेलं आणि म्हातारपणी स्वतः जिने चढायचे, यावर जावई पोट धरून हसला. लहानपणी लिफ्टमध्ये माझं बोट धरून उभी राहणारी पोर, आता घर कसं टापटीप ठेवते! माझी खोली लहान, पण उजेडाची. खिडकीतून समोरचा शिंपी दिसतो, मशीनवर मान घालून बसलेला. टेबलावर संगणक, वर भिंतीला कॅलेंडर. जावई लिहायचं सॉफ्टवेअर बनवतो. म्हणाला, बाबा, रोजनिशी यातच लिहा आणि काही खटकलं की सांगा. मी शाळा अर्ध्यात सोडलेला, एका बोटाने टाइप करणारा. पण लेक म्हणाली, तुमच्याइतकी कटकट दुसऱ्या कुणाला जमणार? चला, बसून खाण्यापेक्षा हे बरं. कुणाला जड व्हायचं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
खटकलं. माउसचं चाक फिरवलं की पान उडी मारतं. वाचत होतो ती ओळ कुठे गेली, हे शोधण्यातच जीव जातो. सांगू की नको करत शेवटी जेवताना सांगून टाकलं. जावयाने दुपारी बसून दुरुस्त केलंही. आता चाक फिरवलं की पान अलगद सरकतं. खाली जाणाऱ्या लिफ्टच्या जाळीतून मजले वर जाताना दिसावेत, तशा ओळी वर जातात. फक्त थांबताना हिसका बसतो. माझी लिफ्ट अशी थांबली असती, तर लोकांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तेही सांगितलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
तो पुन्हा पुन्हा बदलतो आणि विचारतो, आता? मी म्हणतो, अजून जरा हळू थांबू दे. अति तर करत नाही ना मी? पण तो चिडत नाही. शेवटी असं जमलं की चाकावरून बोट उचललं तरी पान सरकत राहिलं, हळू, आणखी हळू. कधी थांबलं ते कळलंसुद्धा नाही. झकास म्हटलं. त्यालाही बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार
मान वर केली तर भिंतही सरकताना दिसली. कॅलेंडर छताकडे निघालेलं. लेक म्हणाली, फार वेळ बघत बसलं की डोळ्यांना भास होतो, जरा लवंडा. लवंडलो. उठून बघतो तर भिंत कोरी, खिळासुद्धा नाही. लेक म्हणते, इथे कॅलेंडर होतंच कधी?
मला विसरायला व्हायला लागलं की काय?

११ नोव्हेंबर, मंगळवार
शिंपी खिडकीच्या वरच्या चौकटीला लागला, मशीनसकट. नुसते पाय दिसत होते, मशीन चालवणारे. जावयाला ओढत आणलं. तो म्हणाला, कोण शिंपी? आणि खरंच, समोर नुसती भिंत.
पान थांबलेलं नाही. पडद्यावर एका ओळीशी कागदाचा कपटा चिकटवून चहाला गेलो. आलो तर ओळ वर गेलेली. जावयाला म्हटलं, हिसका परत आण, पाया पडतो. हसला. उद्या करतो म्हणाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जावई नाही. चपला नाहीत, खुर्ची नाही. लेकीला विचारलं. ती माझ्या कपाळाला हात लावून बघत बसली, मला ताप आहे का ते. म्हणाली, बाबा, माझं लग्न कधी झालं?
ज्याला थांबवता येत होतं, तोच गेला. हळू, अजून हळू, असं मीच म्हणत होतो —

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चाक उलटं फिरवून पाहिलं. काही नाही. संगणकाची वायर उपटली, तर भिंती जोरात सरकायला लागल्या. घाईघाईने परत लावली.
एक कळलं. टाइप करत राहिलं की सगळं थबकतं. बोट थांबलं की परत —
लेक दाराशी भाजी निवडत बसलीय. तिची खुर्ची जमिनीला टेकलेली नाही. तिला पत्ताच नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लिहितोय. काहीही लिहितोय. तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा. दार लावून घ्या. गर्दी करू नका. तळमजला, पहिला —
बोट सुजलंय. डोळे मिटले जरासे, तर ती दाराच्या चौकटीला लागली.
बाबा, पुरे आता, म्हणते. जेवून तरी घ्या म्हणते. इकडे येऊ नकोस म्हणायला थांबलो, तेवढ्यात तिचा चेहरा —
तळमजला पहिला दुसरा
आवाज येतोय अजून. छतातून. तळमजला पहिला
हात खाली आलाय तिचा. माझं बोट धरायला. लिफ्टमध्ये धरायची तसं
नको गं धरू बाळ, धरलंस तर मला लिहि