पुलानंतर बंद पडतो

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. बाबांची कंबर थंडीत कुरकुरत होती, पण आता ऊन चढायला लागलंय, तेव्हा तीही गप्प बसेल. तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालतो.

फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. फोनवर मी नुसता 'हो, हो' करतो आणि ठेवल्यावर मला सगळं आठवतं, हे तुला माहीत आहे. मेसेज लिहिला तर पाठवून पुसतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा पुसतो. कागदावर एकदा लिहिलं की लिहिलं. शब्दकोश शेजारी घेऊन बसलोय. तू मला शुद्धलेखन घालायचीस तेव्हाची सवय. शाळा नववीत सुटली, ती सवय काही सुटली नाही.

मुद्द्यावर येतो. गेले दोन रविवार तू खेळात आली नाहीस. बाबा दहाला कॉम्प्युटर लावतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि खेळातला आपला ट्रक घेऊन डेपोच्या फाटकात उभे राहतात. इंजिन चालू ठेवून. मी म्हटलं, "बाबा, निघा तरी." तर म्हणाले, "डिझेल खोटं आहे, जळू दे." अकराला बंद करतात आणि भाजी निवडायला बसतात.

तुझा शेवटचा मेसेज त्यांनी मला दाखवला. 'बोलायचं नसेल तर सरळ सांगा. दर वेळी बंद कशाला करता?'

ताई, बाबांनी कॉम्प्युटर बंद केला नाही. तो बंद पडला. तिन्ही वेळा.

तुम्ही दोघं तीन वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलला नव्हतात. तू अवजड गाड्या चालवायला शिकायला निघालीस आणि बाबा म्हणाले, "तीस वर्षं बस चालवून माझी कंबर गेली, आता तुझी घालवू नकोस," तिथपासून. हा खेळ तुम्हाला मी लावून दिला तो एवढ्यासाठीच, की त्यात आपापला ट्रक एका रस्त्यानं न्यायचा असतो आणि रस्त्याखेरीज काही बोलावं लागत नाही. आठवडाभर खरा ट्रक चालवून तू रविवारी खोटा चालवायला येशील, असं मला वाटलं नव्हतं. आलीस. पहिल्या दिवशी मागून म्हणालीस, "बाबा, इंडिकेटर." आणि ते म्हणाले, "दिलाय की. डोळे तपासून घे." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन पेले पाणी प्यायलो.

आता बंद पडण्याबद्दल. मी तिन्ही वेळा वहीत टिपून ठेवल्या होत्या. बंदराच्या शहराआधी तो लांब पूल आहे ना, तो ओलांडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत. तिन्ही वेळा तिथेच. आणि तूही नेमकी तिथेच बोलायला लागतेस. माल पोचत आला की तुझा आवाज बदलतो. बाबा हेडफोनचा आवाज इतका मोठा ठेवतात की मागे पलंगावर बसून मलाही ऐकू येतं. पहिल्या वेळी "बाबा, एक विचारू का" एवढंच झालं. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "बाबा, परवा मी पहिल्यांदा एकटीनं" आणि खट्. पडदा काळा, पंखे गप्प. तुझ्या पडद्यावर 'दुसरा चालक खेळ सोडून गेला' असं आलं असेल. तिकडून ते कसं दिसलं असेल हे मला कळतं.

बाबांनी तुला उत्तर का दिलं नाही, तर त्यांचा स्वभाव. दुसरं काय! हल्ली ते खुर्चीत मांडी घालून बसतात. कंबरेला तसं बरं वाटत असावं.

मशीन मी उद्या कामावर जाताना दुकानात नेतोय. काय सापडतं ते कळवीन. तोवर राग धरू नकोस, आणि धरलासच तर बाबांवर धरू नकोस.

तुझा,
शंक्या


शनिवार, २४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही, पण माझं पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

दोष सापडला. कसा सापडला ते क्रमानं लिहितो, नाहीतर तू म्हणशील हा थापा मारतोय.

आधी उष्णता बघितली. पंख्यांवरची धूळ काढली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. तापमान सत्तरच्या वर जात नाही. शिवाय तापलेलं मशीन आधी रखडतं आणि मग पडतं. हे पडण्याच्या क्षणापर्यंत ठणठणीत असतं. मग रॅमच्या पट्ट्या एकेक काढून बघितल्या. त्याआधी घरचा एक्स्टेंशन बोर्ड बदलला होता, भिंतीतलं सॉकेट बदललं होतं. शेवटी दुकानात तपासणीचा प्रोग्रॅम सलग पाच तास चालवला. ढिम्म हललं नाही.

मालक म्हणाले, "पाच तास चाललं ना? मग मशीनला काही झालेलं नाही. गिऱ्हाइकाला सांग, जरा जपून वापरा."

"गिऱ्हाईक माझे वडील आहेत."

"मग जरा जपून सांग."

तू मला शंक्या म्हणायचीस, प्रत्येक गोष्टीत शंका काढतो म्हणून. या वेळी ती कामाला आली. तपासणीचा प्रोग्रॅम मशीनवर एकसारखा भार टाकतो, सपाट रस्त्यावर एकाच वेगानं गाडी हाकल्यासारखा. खेळात भार धक्क्याधक्क्यानं येतो. पूल संपला की एकदम शहर. पाऊस, दुकानांचे दिवे, ओल्या रस्त्यात त्या दिव्यांची प्रतिबिंबं आणि चारी बाजूंनी गाड्या. म्हणजे दोष बघायचा तर तपासणी करून भागणार नाही, खेळायलाच हवं. आणि मला तर सायकलसुद्धा धड येत नाही.

गुरुवारी दुकानाला सुट्टी असते. सकाळी मशीन घरी लावलं आणि मी बसलो. बाबा शेजारी स्टुलावर, शिकवायला.

"आरसा बघ."

"बघतोय."

"तू चाकाकडे बघतोयस. आरसा!"

"बाबा, मागे कोणी नाहीये."

"मागे कोणी नाही, हे कुठे दिसतं? आरशात."

दोनदा खड्ड्यात गेलो. एकदा टोलनाक्याची दांडी तोडून तशीच पुढे घेऊन गेलो. बाबा ओरडले, "अरे थांब, पावती तरी घे!" ताई, ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुम्ही ज्या रस्त्याला पाऊण तास लावता, त्याला मला सव्वादोन तास लागले. पूल आला. पूल संपला. पाऊस सुरू झाला, डावीकडे लाल दिव्यांची रांग लागली आणि खट्.

मी उडी मारून ओरडलो, "पडला! बंद पडला!"

बाबांनी आधी आपल्या पायांकडे बघितलं. का, ते मला विचारू नकोस. मग म्हणाले, "परीक्षा पास झाल्यासारखा नाचतोस काय? माल गेला ना माझा."

मी तिथल्या तिथे झाकण उघडलं. चित्र काढण्याचं काम ज्या कार्डाकडे असतं, त्याला वीज घ्यायला दोन तोंडं असतात. दोन्हींना पॉवर सप्लायकडून वेगवेगळी वायर यायला हवी. इथे टोकाला दोन फाटे असलेली एकच वायर दोन्ही तोंडांना लावली गेली होती. एरवी तेवढ्यावर भागतं. पण कार्डानं एकदम जोरात ओढ घेतली, की सगळा ताण त्या एका वायरीवर येतो आणि पॉवर सप्लाय बाकीचं मशीन वाचवायला क्षणात सगळंच तोडून टाकतो. दुसरी वायर खोक्यातल्या पिशवीत तशीच होती. ती लावली. त्यानंतर चार वेळा शहरात जाऊन आलो. आता बंद पडत नाही.

तेव्हा रविवारी दहाला यायला काही हरकत नाही. दोष मशीनचा होता.

तुझा,
शंक्या


मंगळवार, ६ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, तारीख नाही, एवढ्या मोठ्या कार्डावर तीन शब्द. 'लावली गेली? कोणी?'

मी लावली.

बाबांनी मशीन दुकानातून तयार आणलं, असं मी तुला सांगितलं होतं. तयार आणलेलं नव्हतं. ते मी जोडलं, पहिल्या स्क्रूपासून. मालकांनी मधे हात घातला नाही असं माझं ते पहिलं मशीन. बिघडलंच तर माझं नाव तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून सांगितलं नाही. आणि त्या दोन्ही वायरी माझ्या हातात होत्या. दोन लावल्या की काचेतून गुंता दिसत होता. एक लावली की कसं सुबक. दुसरी मी गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून खोक्यात ठेवली. दर वेळी जास्त नीटनेटकं करायला जातो आणि तिथेच माती खातो.

पण एवढंच असतं तर हे मी मागच्याच पत्रात लिहिलं असतं.

पहिल्यांदा बंद पडला तेव्हा बाबांनी मागे वळून मला विचारलं, "काय झालं रे?" आपल्याच जोडणीत काहीतरी असणार, हे मला त्याच क्षणी वाटलं होतं. टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड होता. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "तुमचा पाय लागला असेल स्विचला."

तेव्हापासून ते मांडी घालून बसतात. कंबरेसाठी नाही. कंबरेला ते फार वाईट आहे. दुसऱ्यांदा पडला तेव्हा म्हणाले, "आज तर पाय वर होता." मी म्हटलं, "मग गुडघा." मी असं म्हटलं, ताई. तुझा मेसेज आला तेव्हा ते बराच वेळ फोन हातात धरून बसले आणि म्हणाले, "तिचं काही चूक नाही. मीच बंद केला असणार." तुला उत्तर आलं नाही ते त्यांच्या स्वभावामुळे नाही. नाकबूल कसं करणार? आपणच केलं असं त्यांना खरोखर वाटत होतं. नवी वायर लावून दिल्यावरसुद्धा ते मांडी घालूनच बसायचे. परवाच्या रविवारी ते तसेच फाटकात तासभर उभे होते आणि मी मागे पलंगावर बसून त्यांचे दुमडलेले पाय बघत होतो.

काल संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं. उभं राहूनच सांगितलं, बसवेना. ते ऐकत होते. मग एक पाय खाली सोडला, मग दुसरा.

"म्हणजे आता खाली ठेवू ना?"

"ठेवा."

"दीड महिना मुंग्या येतायत." मग पंजे हलवून बघत, "वायर लावताना माहीत होतं?"

"नाही."

"आणि गुडघा म्हणालास तेव्हा?"

"थोडं थोडं."

"हं." पोटऱ्या चोळत बसले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी काय वाटेल ते सांग, गुडघ्यांचं काढू नकोस. अरे, मी डॉक्टरकडे जाणार होतो, माझे पाय माझं ऐकत नाहीत म्हणून."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी रुमाल दिला. मग म्हणाले, ब्रेक ढिला राहिला की आम्ही ड्रायव्हर लोक मेकॅनिकला शिव्या घालतो, पण त्यानंतर तोच मेकॅनिक सगळ्यांत जास्त वेळ ब्रेक तपासतो, म्हणून गाडी त्याच्याकडेच नेतो. आज मालकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आता तू ही चूक जन्मात करणार नाहीस, म्हणजे मला एक काळजी कमी." तर इकडे सगळं ठीक आहे. मला महिन्याभरानं पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

तुला सांगायचं होतं ते एवढंच. तू त्यांच्यावर जो राग धरला आहेस तो माझा आहे. तो माझ्या नावावर कर.

हे लिहीत असताना बाबा दाराशी येऊन उभे राहिले.

"तिलाच का?"

"हो."

"काय काय लिहिलंस?"

"सगळं."

"ती पहिल्यांदा एकटीनं काय, ते विचारलंस?"

"नाही. ते तुम्ही विचारा."

त्यांनी टेबलावरचा शब्दकोश सरळ केला, पेनचं टोपण उचलून पेनाशेजारी ठेवलं. मग म्हणाले, "घाट उतरली असेल. भरलेली गाडी घेऊन. रिकामी असती तर सांगायला आली नसती."

ताई, तू काय करतेस हे तीन वर्षांत त्यांनी कोणालाही सांगितलेलं नाही. शेजारी विचारतात तर 'बाहेरगावी असते', तेवढंच. माझ्याशीसुद्धा तो विषय काढत नाहीत. आणि आत्ता चष्मा पुसत पुसत म्हणाले, "फार मोठं लिहू नकोस रे. दिवसभर गाडी चालवते ती, दमून येत असेल."

म्हणून इथेच थांबतो.

चुकलेला, पण तुझाच,
शंक्या