शिवणीतली फितुरी

२ जून
चौदा वर्षांच्या मुलीचं वजन किती असावं?

आईने आज बटाटे सोलता सोलता विचारलं. मला उत्तर येत नाही. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला ‘वाढीचं वय’ हा धडा मी ऑप्शनला टाकला होता. पेपरात त्यावर एकच प्रश्न येतो. आईला सांगितलं, ते उंचीवर अवलंबून असतं. हे खोटं नाही. शिवाय मोठ्यांचा तक्ता मला तोंडपाठ आहे, आणि चौदा म्हणजे मोठीच की. माझ्या धाकट्या बहिणीच्या चपला मला सैल होतात.

संध्याकाळ. मुलामुलींच्या वजनासाठी नवं क्लिनिक उघडलंय. सहायक आहारतज्ज्ञ हवी आहे. मुलाखतीला येताना स्वतः हाताळलेली एक केस आणायची आहे. आता केस कुठे शोधायची? मी मान वर केली. केस समोर बसून टोस्टला लोणी लावत होती.

४ जून
घरात बैठक घेतली. बाबांच्या शिलाई मशिनवर माझी पदवी फ्रेम करून टांगली आहे, तिच्याखालीच उभी राहून बोलले. या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. ज्ञान घरात आलंय, तर त्याचा उपयोग घरापासूनच सुरू झाला पाहिजे.

आई म्हणाली, वाढतं अंग आहे पोरीचं. मी म्हटलं, हे तुझं मत झालं, शास्त्र नव्हे. बाबांनी मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या, म्हणजे होकारच. धाकटीने विचारलं, मी जाडी आहे का? मी प्रेमाने सांगितलं की आपण हा शब्द वापरत नाही. ती म्हणाली, म्हणजे आहे.

ठराव एकमताने मंजूर. सकाळी ब्रेड बंद. रात्री फक्त सूप. बाथरूमच्या दाराशी काटा, रोज उठल्याबरोबर वजन. माझ्यासमोर.

९ जून
काटा खाली यायला तयार नाही. आज तर थोडा वर गेला. फरशी वाकडी असणार. जागा बदलली. तिथलीही फरशी वाकडी निघाली.

निराश व्हायचं कारण नाही. धाकटी सहकार्य करते आहे, न बोलावता काट्यावर चढते.

१५ जून
आज सूपवर पिवळे डोळे तरंगताना दिसले. लोणी. आईला जाब विचारला. म्हणाली, चमचा निसटला. रोज निसटतो? तर म्हणे, म्हातारी झाले, हात थरथरतो. हिचा हात सुईत दोरा ओवताना कधी थरथरलेला पाहिला नाही.

स्वतःच्या आईने असं करावं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. परक्या घरात माझ्या शब्दाला मान मिळाला असता.

धाकटीचा ब्रेड बंद केल्यापासून पाव उरायला लागलाय. अन्न वाया घालवणं मला पटत नाही. मीच संपवते. लोणी लावून, कारण कोरडा जात नाही.

२१ जून
शाळेच्या बास्केटबॉलच्या कोचचा फोन. धाकटी सरावाला का येत नाही? मी समजावलं की खेळून आली की ती दुप्पट जेवते. खेळ बंद केला तर जेवण निम्मं होईल. साधं गणित आहे. कोचने मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. असा विचार त्याने केलाच नसणार.

धाकटी हल्ली शाळेतून येते ती सरळ अंथरुणावर. विश्रांतीचंही महत्त्व आहेच. नोंद केली.

२८ जून
यश! मला माहीत होतं!

धाकटीचा गणवेश सैल झाला. महिन्याच्या सुरुवातीला कमरेचं बटण लागता लागत नव्हतं, आज बोट सहज आत जातं. काटा काहीही म्हणो, इंच कमी होताहेत. मी गणवेशाचा फोटो काढला. धाकटीला हस म्हटलं. ती बाबांकडे बघून हसली. बाबा मशिनमध्ये तेल घालत होते. मान वर केली नाही. भावनाप्रधान माणूस.

केसचा पहिला निष्कर्ष लिहून ठेवला: ‘कुटुंबाचा विश्वास संपादन केल्यास परिणाम लवकर दिसतो.’

माझाही मुलाखतीचा ड्रेस घालून पाहिला. चापून बसतो, कुठे ओढत नाही. कॉलेजात असताना शिवलेला आहे. शिस्त असली की माणसाचं वजन हलत नाही.

५ जुलै
शाळेच्या नर्सबाईंचा फोन मीच घेतला, घरातली जाणकार म्हणून. धाकटीला जिन्यात चक्कर आली. लागलं नाही. मी म्हटलं, ऊन आहे. नर्सबाई म्हणाल्या, जिन्यावर छप्पर आहे. मग म्हणाल्या, ती रोज डबा मैत्रिणींना वाटून टाकते.

डबा टाळायला मी सांगितलं नव्हतं! केस परस्पर प्रयोग करू लागली तर निष्कर्षाला काय अर्थ? धाकटीला विचारलं. ती म्हणाली, सकाळी काटा बघून तुझा चेहरा पडतो ना, तो पडू नये म्हणून. म्हणजे खापर माझ्याच चेहऱ्यावर.

मी माझा चेहरा नीट ठेवायचं ठरवलं आहे.

१० जुलै
मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं. आई उगाच कपडे झटकते. बाबा नसलेला दोरा शोधतात. परवा माझी मुलाखत आहे, तेव्हा काहीतरी गुपचूप चाललंय हे उघड आहे. मी न कळल्यासारखं करते. त्यांचा आनंद कशाला घालवा.

१२ जुलै
नीट लिहिते. आधी रागाने दोन पानं फाडली.

अकरा वाजता क्लिनिकवर पोचले. हातात केसची फाइल. बाहेरच्या बाकावर तीन पाठी बसल्या होत्या. पाठीवरूनच ओळखल्या. आई, बाबा, मधे धाकटी.

क्षणभर वाटलं, मला शुभेच्छा द्यायला आले. मग आईच्या हातात नंबराची चिठ्ठी दिसली.

बाबांनी दुकान बंद ठेवलं होतं. माझ्या पदवीदानाला ते गिऱ्हाइकाचं माप घेऊन, धावत, टाळ्या संपल्यावर पोचले होते. आणि आज माझ्याविरुद्ध यायला दुकान बंद. घरचेच फितूर झाल्यावर तक्रार कुणाकडे न्यायची?

आतून डॉक्टरबाई आल्या. धाकटीच्या केसपेपरवर आणि माझ्या अर्जावर एकच पत्ता बघून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. धाकटीला विचारलं, ताई आत आली तर चालेल का? धाकटीने आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, चालेल.

आत गेल्यावर मी फाइल उघडली. मुलाखत अशीही होऊ शकते. काट्याच्या मर्यादा सांगितल्या, फरशीचा मुद्दा मांडला, मग गणवेशाचा फोटो ठेवला. इंच, मी म्हटलं.

बाबा खाकरले. म्हणाले, ते मी उसवलंय. दोनदा.

शाळेचा गणवेश शिवताना बाबा आत जादा कापड दाबून ठेवतात. त्यांच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. मी संध्याकाळी लायब्ररीत गेले की ते कमरेची शिवण उसवून थोडी माया सोडायचे. का, असं मी विचारलं. ते माझ्याकडे न बघता डॉक्टरबाईंनाच सांगायला लागले. म्हणाले, बटण लावताना पोरगी श्वास कोंडून उभी राहायची. कपडा घट्ट झाला तर मी कपडा उसवतो, गिऱ्हाईक नाही.

डॉक्टरबाई हसल्या. मी नाही.

त्यांनी धाकटीची उंची घेतली, जुनी उंची विचारली, बरंच काही विचारलं. मग म्हणाल्या, ही भराभर उंच होते आहे, आणि या वयात अंग आधी भरतं. वजन थोडं पुढे आहे, पण ते उतरवायचं नाही, उंचीला त्याच्याबरोबर येऊ द्यायचं. उपाशी ठेवून वाढ खुंटते, आणि चक्कर येते. तिन्ही वेळा जेवायचं, सगळ्यांनी एका टेबलावर आणि एकच जेवण. गोड पेयं सगळ्यांचीच कमी. झोप पुरेशी. खेळ उद्यापासून चालू. काटा घरात नको. आणि घरात कुणाच्याच अंगाबद्दल बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा.

आईने ‘कौतुकानेसुद्धा’वर जोरात मान हलवली. हिच्याच सुपात लोणी सापडलं होतं, हे मी निदर्शनास आणून दिलं नाही.

शेवटी त्यांनी धाकटीला विचारलं, तुला काही सांगायचंय? मला वाटलं, भुकेचं सांगेल. ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली,

“ताई घरात आली की मी पोट आत घेते. झोपताना पण.”

नंतर ते तिघं बाहेर थांबले आणि माझी मुलाखत झाली. प्रश्न एकच. चौदा वर्षांच्या मुलीचं वजन किती असावं?

मी म्हटलं, ते उंचीवर अवलंबून असतं. आणि? मी मोठ्यांचा तक्ता म्हणून दाखवला. त्या म्हणाल्या, असा एकच आकडा कुणाकडेच नसतो. प्रत्येक मुलाची वाढीची आपली रेघ असते, ती वर्षानुवर्षं बघायची असते. माहीत नाही म्हणाली असतीस तर मी तुला घेतलं असतं, शिकवलं असतं.

माहीत नाही हे मला दोन जूनपासून माहीत होतं.

घरी परतताना ते तिघं पुढे, मी मागे. धाकटी मधेच थांबली. मला वाटलं, माझ्यासाठी. बुटाची नाडी बांधायला.

१३ जुलै
मुलाखतीचा ड्रेस धुवायला काढला. उलटा केला तर बगलेपासून कमरेपर्यंत, चालू शिवणीच्या आत, सुईच्या भोकांची जुनी रांग. आणखी आत, दुसरी रांग.

बाबांना विचारलं नाही. ते तोंडात टाचण्या घालून बसले होते.

१६ जुलै
सकाळी धाकटी उठून बाथरूमच्या दाराशी आली आणि सवयीने थांबली. काटा नव्हता. तिथे फरशीवर चौकोनी डाग उरलाय. तिने डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाशी येऊन दोन टोस्ट घेतले. मी मोजले. ही माझी सवय सुटायला वेळ लागणार. मग ती बास्केटबॉलचे बूट घालून गेली. येते म्हणाली, आईला. दारापर्यंत गेल्यावर, मलाही.

पोट आत होतं की नव्हतं, मी बघितलं नाही.

काटा मी काल दुपारीच कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्याला पार्सलं तोलायला देऊन आले. फरशी सरळ असलेली जागा बघून ठेव, एवढंच त्याला सांगितलं. देण्याआधी एकदा त्यावर उभं राहावं असं मनात आलं होतं. राहिले नाही.