माझ्या खालची तेरा माणसं

२६ ऑगस्ट
कॉलेजचं तिसरं वर्ष सुरू. ही वही फक्त माझ्यासाठी. पुढेमागे आत्मचरित्राला उपयोगी पडेल, एवढंच.

आज सल्लागार लिंडक्विस्ट बाईंना भेटलो. मेडिकलला अर्ज करायचा तर कॉलेजचं शिफारसपत्र लागतं, आणि ते बाईंच्या हातात. माझे दोन वर्षांचे मार्क बघून त्यांनी चष्माच काढून ठेवला. म्हणाल्या, वेंडेल, विमा कंपनीचा विचार केलायस का कधी? मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, मग ऑरगॅनिक केमिस्ट्रीला पुन्हा बस. गेल्या वर्षीच्या डी ग्रेडचा बी करून आण. बी नाही तर पत्र नाही.

बघूनच घेतो! एक दिवस या बाई गुडघा धरून माझ्या दवाखान्यात येतील. दोन तास बाहेर बसवीन. मासिकंसुद्धा जुनी ठेवीन.

निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

२७ ऑगस्ट, स. ९.४०
उठलो. मेंदूला झोप लागते, हे भावी डॉक्टरला कळायलाच हवं.

२४ सप्टेंबर
पहिली चाचणी. शंभरात पंचावन्न. पण आमच्याकडे मार्क नाही, नंबर मोजतात. वरच्या निम्म्या वर्गाला ए किंवा बी, बाकीचे सी आणि खाली. वर्गात सव्वीस जण, मी तेरावा. म्हणजे बी! माझ्या खाली बरोबर तेरा माणसं. देव त्यांचं भलं करो.

लिंडक्विस्ट बाईंसाठी दवाखान्यात खुर्चीही कडक घ्यायची ठरवली.

९ ऑक्टोबर
घात! खालचे नऊ जण विषय सोडणार म्हणे. महिनाअखेर शेवटची तारीख. ते गेले तर उरणार सतरा, बी मिळणार पहिल्या आठांना, आणि मी तेरावा तो तेरावाच. या लोकांना दुसऱ्याचा काही विचार म्हणून नाही.

त्या नऊंपैकी लोर्ना पिकेटला गाठलं. वय त्रेचाळीस, दोन मुलं, सकाळी शाळेची बस चालवते आणि मग कॉलेजला येते. म्हणाली, बाळा, माझ्या डोक्यात काही शिरतच नाही रे. मी म्हटलं, लोर्ना, हार मानायची नाही. मी शिकवतो. ती रडलीच. पहिलवान क्लिंटही कुस्तीची तालीम टाकून येतो म्हणाला.

१४ ऑक्टोबर
लायब्ररीत शिकवणी सुरू. नऊच्या नऊ हजर. बेत साधा: शेवटची तारीख टळेपर्यंत त्यांना आशेवर ठेवायचं, पण शिकवायचं सगळं चुकीचं.

अडचण एकच. मुद्दाम चुकीचं सांगायचं तर बरोबर काय ते माहीत असावं लागतं. म्हणून आधी धडा वाचला.

२१ ऑक्टोबर, स. ५.१०
उठलो. अभ्यासाला नाही, शिकवणीच्या तयारीला. काल मी चुकीची अभिक्रिया लिहिली तर क्लिंटने पकडली. म्हणाला, काय गुरुजी, परीक्षा घेताय होय आमची? सगळे हसले. मीही हसलो. त्याचं नाव सूडाच्या यादीत घेतलं.

३१ ऑक्टोबर
तारीख टळली. एकही गळाला नाही! लोर्नाने केळ्याचा केक आणला. म्हणाली, तुझ्यासारखं काळीज असलेला माणूस मी पाहिला नाही. बिचारी.

आता शिकवणी बंद. निश्चय पक्का.

४ नोव्हेंबर
दारात नऊ जण वह्या घेऊन उभे. लोर्नाने बसच्या फेऱ्या बदलून घेतल्यात म्हणे. अशा वेळी माणूस काय करणार? पुढचा धडा घेतला, तोही बरोबर; चुकीचं सांगितलं की क्लिंट पकडतो. केक होता.

२८ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. घरी टर्की. कापायला चुलतभाऊ गॅरेट, कारण तो मेडिकलला आहे. सांधा कुठे असतो ते सगळ्यांना दाखवत होता. काका म्हणाले, वेंडेल, तुझं कसं चाललंय रे? मी म्हटलं, तेरा माणसं माझ्या खाली आहेत. काकांना वाटलं, नोकरी लागली.

गॅरेटलाही बाहेर बसवणार. बाईंच्या शेजारी.

१२ डिसेंबर
अंतिम परीक्षा. पेपर सोपा! एकेक प्रश्न मी स्वतः फळ्यावर शिकवलेला. बाई, आता बसा हात चोळत.

१९ डिसेंबर
अठ्ठ्याहत्तर मार्क. आयुष्यात एवढे कधी पडले नाहीत.

नंबर बावीस. नऊच्या नऊ जण माझ्या पुढे, लोर्नाला तर बी. मला सी.

केमिस्ट्रीच्या सरांकडे गेलो. म्हणाले, गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तरला सरळ बी दिला असता. पण यंदा वर्गाला तळच नाही. कोणीतरी फार मेहनत घेतली वाटतं या पोरांवर.

जिन्यात जरा वेळ बसलो. मला खरंच डॉक्टर व्हायचं होतं.

१४ जानेवारी
बाईंनी बोलावलं होतं. दोन तास बाहेर बसलो. खुर्ची कडक. मासिकं तीन वर्षं जुनी.

आत लोर्ना होती. मेडिकलचं शिफारसपत्र घेऊन बाहेर आली आणि मला मिठीच मारली. म्हणाली, बाळा, अर्जाच्या निबंधात सगळं तुझ्यावरच लिहिलंय. बाई वाचून रडल्या. मी डॉक्टर झाले ना, की तू कधीही ये. तुला बाहेर बसवणार नाही.

मग बाईंनी मला आत घेतलं. पत्र नाही. शिकवणीच्या नोकरीचा फॉर्म दिला. म्हणाल्या, यात तुझा हात कोणी धरणार नाही.

फॉर्म टेबलावर आहे. सूडाची यादी काढली होती, नवीन नाव सुचलं नाही. लोर्नाने आज दिलेला केक अर्धा संपला.