गाण्यातली तुझी पाठ

आई, परवा तुला पडद्यावर बघून आले. आपल्या कोडोलीत ज्याचं शूटिंग झालं होतं, त्या सिनेमाला पन्नास वर्षं झाली म्हणून कोल्हापुरात कार्यक्रम ठेवला होता. सूनबाईला घेऊन गेले. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, म्हणून मधलं थोडं सांगते. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, पण लग्नानंतर वाचनालयातली पुस्तकं आणून आणून वाचत मी माझी शिकत राहिले. तुझा जावई चांगला होता. लग्न झाल्यावर पहिल्यांदा त्यांनीच मला हा सिनेमा दाखवला. गाणं लागलं तशी मी त्यांच्या कानात सांगितलं, "ही माझी आई." ते गाणं संपेपर्यंत ताठ बसले, देवळात बसावं तसे. आता ते नाहीत. परवा शेजारच्या खुर्चीकडं दोनदा वळून बघितलं.

शूटिंगचा दिवस मला लख्ख आठवतो. आपल्या गोठ्यासमोर माणसांची ही गर्दी. हिरोइनीनं गाणं म्हणत धार काढायची होती, आणि आपली म्हैस तर तुझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. तू माहेरी गेलीस की आबासुद्धा, तुझे घरधनी असून, तुझं लुगडं अंगाला गुंडाळून धारेला बसायचे, दार लावून, कुणी बघू नये म्हणून. तोच उपाय तू त्या बाईंना सांगितलास आणि आपलं रोजचं लुगडं काढून दिलंस. पण अत्तराचा वास लुगड्यानं कुठं झाकतो? म्हशीनं मान वळवून हुंगलं आणि चरवी लाथेनं उडवली. शेवटी दिग्दर्शक हात जोडून म्हणाले, "बाई, आता तुम्हीच बसा." तू म्हणालीस, "बसते, पर पाठमोरी. तोंड दावायची न्हाय." लुगडं परत तुझ्या अंगावर आलं, म्हैस रवंथ करायला लागली आणि चरवीत धार वाजायला लागली.

संध्याकाळी आबा रानातनं आले ते ऐकूनच आले होते. "साऱ्या मुलखाला पाठ दावलीस व्हय?" "तोंड तर न्हाय दावलं की!" तू चुलीवरची भाकरी उलटत म्हणालीस. मला हसू आलं, आबांना नाही. या घरातलं कुणी तो सिनेमा बघायचा नाही आणि बाहेर बोलायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पुढं जत्रेत तंबूत तो सिनेमा लागला. गाणं आपल्या गोठ्यापर्यंत ऐकू येत होतं आणि तू धार काढत होतीस. शेजारची काकी बघून आली नि म्हणाली, "दिसलीस गं, म्हशीसकट!" तू एवढंच विचारलंस, "म्हस चांगली दिसली न्हवं?"

परवा स्टेजवरचे पाहुणे म्हणाले, या गाण्यासाठी हिरोइन स्वतः धार काढायला शिकल्या होत्या. हॉलभर टाळ्या पडल्या. मी उठून उभी राहिले. सूनबाई पदर ओढायला लागली, "आत्याबाई, बसा की, लोकं बघत्यात." "बघू देत," मी म्हणाले, आणि मोठ्यानं सांगितलं, "ती पाठ माझ्या आईची हाय." मग मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पुरावा?" "पुरावा म्हस होती, ती कवाच गेली!" सगळे हसले, पाहुणेही हसले आणि त्यांनी मला माइक दिला. मग मी सगळं सांगितलं, लुगडं, अत्तर, उडालेली चरवी. आबांचं लुगडंसुद्धा सांगितलं, त्याबद्दल ते वर तुझ्याशी भांडले असतील तर भांडू देत. पाहुण्यांनी गाणं परत लावायला सांगितलं. या वेळी हिरोइनीकडं कुणी बघत नव्हतं. तुझी पाठ आली, कोपरं हलायला लागली आणि आख्ख्या हॉलनं शिट्ट्या मारल्या. तुला, आई. माझ्या आयुष्यात माझी मान एवढी वर कधी गेली नव्हती. सूनबाई आता कुणालाही फोन लावते आणि म्हणते, "आमच्या आजेसासूबाई सिनेमात हायत्या."

हे कागद कुठं धाडायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहिते, जी सूनबाईलाही सांगितलेली नाही. माइक परत देताना पाहुण्यांनी विचारलं, "मग आईंनी स्वतःला पडद्यावर बघितलं का?" मी म्हणाले, "बघितलं की. आबाच घेऊन गेले होते, पहिल्याच खेळाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी तुम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून आले, आणि मला ते अजून खोटं वाटत नाही.