कोरफड दादाला, गवती चहा आत्याला, खोली बाबांचीच

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, काम औषधांच्या कारखान्यात वजनकाट्यांची तपासणी, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आत्या दाराशी येऊन "काय लिहितेस गं?" असे तीनदा विचारून गेली, त्याला मी दबाव धरत नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. दगावण्याची शक्यता शंभरात दोन, असे डॉक्टर हसून म्हणाले. शंभरात दोनची चूक दाखवणारा काटा मी त्याच दिवशी बंद करून ठेवते. म्हणून हा कागद. याआधी मी असे काही लिहिलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

१. हे दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. गच्चीकडच्या खोलीत बाबा राहतात. मी गेल्यास बाबा त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी, शेवटपर्यंत राहतील. त्यांच्या हयातीत हे घर विकायचे नाही, गहाण ठेवायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही. बाकी सगळी कलमे या एका कलमाच्या राखणीसाठी आहेत.

हे स्पष्ट लिहावे लागते, कारण मागच्या आठवड्यात दादा येऊन (माझ्या कामावरून त्याने मला पाडलेल्या नावाने) म्हणाला, "मिलिग्रॅम, वाईट बोलू नये, पण समजा काही झालंच, तर बाबांची काळजी करू नकोस. माझ्या दुकानामागे खोली आहे ना!"

"तिला खिडकी नाही."

"पंखा बसवू."

त्या खोलीत सध्या खोकी राहतात. बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "चालेल की." बाबांनी चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आयुष्यभर लोकांनी दिलेला मजकूर रंगवल्यामुळे समोरच्याच्या मजकुरात चूक काढायची त्यांना सवय नाही. दादाने पुढे केलेल्या कागदावर ते सुवाच्य अक्षरात सही करतील.

२. बँकेतली शिल्लक बाबांच्या औषधपाण्यासाठी. माझा तपासणीच्या वजनांचा संच कामावरच्या सहकारी मैत्रिणीला. वजनांना बोट लावायचे नाही, चिमट्यानेच उचलायची. तिला हे माहीत आहे. आमच्या घरातल्यांना सांगून उपयोग नाही.

३. कोरफडीची कुंडी दादाला. ज्या झाडाला दादाच्या दुर्लक्षाचा फायदा होईल असे हे एकच आहे. माती अर्धी, रेती अर्धी. कुंडीला भोक हवे. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही, थंडीत तर महिनाभर विसरले तरी चालते. शेजारी पिल्ले फुटली की वेगळी करावीत. पान बाहेरच्या बाजूचे, जुने, बुडापासून कापावे. कापलेले पान अर्धा तास उभे ठेवून त्यातला पिवळा चीक निथळू द्यावा आणि फेकावा. आतला गर उन्हाने रापलेल्या किंवा किरकोळ भाजलेल्या कातडीवर लावावा. कातडी बाहेरच्या बाजूला असते, हे दादासाठी मुद्दाम लिहिते. कोरफड पोटात घ्यायची नाही. मिक्सर वहिनीच्या ताब्यात राहील.

४. गवती चहाची कुंडी आत्याला. आत्या शेजारच्या इमारतीत राहते आणि दिवसभर आमच्याकडे असते. कशालाही हात लावल्याशिवाय तिला राहवत नाही, आणि हे झाड कापल्यानेच वाढते. भरपूर ऊन, रोज पाणी. वीतभर बुडखा ठेवून पाती कापाव्यात. पातीची कड ब्लेडसारखी असते, म्हणून हातमोजे. दोन वर्षांनी ठोंब उपटून, फोडून पुन्हा लावावा. चार पाती पाण्यात उकळून प्यायल्या की घशाला बरे वाटते. खोकला, सांधे, चष्म्याचा नंबर आणि नवऱ्याचा स्वभाव यांवरही गुण येतो, असे आत्या सांगते. पेय गरम असते, एवढेच मी प्रमाणित करू शकते.

५. या दोन झाडांचा इतिहास नोंदवणे भाग आहे. गेल्या वर्षी मी एकवीस दिवस प्रशिक्षणाला गेले. जाताना दोन्ही कुंड्यांवर चिठ्ठ्या अडकवल्या : एकीवर 'दर बारा दिवसांनी पाणी', दुसरीवर 'रोज सकाळी पाणी'. मी गेल्यावर बाबांनी मला आनंद व्हावा म्हणून दोन्ही कुंड्या निळ्या रंगाने रंगवल्या. रंग वाळल्यावर चिठ्ठ्या पुन्हा अडकवल्या. अदलाबदल करून. आमच्या घरात सूचना तंतोतंत पाळल्याची ही एकमेव वेळ. कोरफड कुजली, गवती चहा वाळला.

मी आत्याला विचारले, "तुला ठाऊक होतं ना कोरफडीला पाणी कमी लागतं?"

"होतं की. पण म्हटलं, तू शिकलेली. काहीतरी नवीन निघालं असेल."

आज जी झाडे आहेत ती एका तगलेल्या पिल्लापासून आणि ठोंबाच्या एका जिवंत फुटव्यापासून झालेली आहेत.

झाडांचे एवढेच. त्याच एकवीस दिवसांत, कुजण्याआधी, दादाने कोरफडीची पाने सालीसकट, चिकासकट मिक्सरमधून काढून बाबांना रोज सकाळी पाजली. संध्याकाळी आत्याचा काढा, त्यात पाती चार नव्हे, चाळीस. बाबांनी दोन्हीला "चालेल" म्हटले. त्यांना जुलाब लागले तेव्हा दादा म्हणाला, "शरीर शुद्ध होतंय." आत्या म्हणाली, "काढा कमी पडतोय." बाबांचे वजन तीन किलो आठशे ग्रॅमने उतरले. हा आकडा अंदाजाचा नाही. तेराव्या दिवशी मला फोन आला : "ताई, डॉक्टर म्हणतात अजून एक दिवस गेला असता तर मूत्रपिंडं गेली असती. मी त्यांना दवाखान्यात आणलंय. तुमचा दादा चिडलाय. चिडू दे." फोन वहिनीचा होता.

६. वहिनीशी माझे पटत नाही. सहा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "तुम्ही माणसांनाही काट्यावर ठेवूनच बघता." ते मी विसरलेले नाही आणि या कागदाने माफही करत नाही. तरीही या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने एकटीने करावी. बाबांनी सही केलेला कोणताही कागद तिच्या सहीशिवाय ग्राह्य धरू नये. दवाखान्यातून आणल्यापासून ती रोज सकाळी सातला येते, बाबांच्या कपात काय आहे ते हुंगते आणि गरज पडल्यास मोरीत ओतते. या घरात 'नाही' हा शब्द तिलाच उच्चारता येतो. गच्चीकडच्या दाराची किल्ली तिच्याकडे राहील. बाबांच्या पश्चात घर वहिनीचे. दादाचे नाही, दोघांचे मिळून नाही.

७. माझ्या आजारावर कोणी काय पाजायला हवे होते, याची चर्चा माझ्या अंत्यविधीला करू नये.

८. काल वहिनीला हे सर्व वाचून दाखवले. तिने मान हलवली. सहाव्या कलमातले तिच्याविषयीचे वाक्य तिने पुन्हा वाचायला लावले आणि म्हणाली, "राहू द्या. खरंच बोलले होते मी." मग विचारले, "आणि तुम्ही बऱ्या होऊन आलात तर?"

"तर हा कागद फाडायचा."

ती ओट्यावरचा बाबांचा कप विसळू लागली. "कागद फाटला की किल्लीही परत. मग मी रोज सकाळी घरातून निघताना काय सांगून निघू? तेवढाच एक तास आहे ताई माझा स्वतःचा."

म्हणून किल्लीची अट माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू. घराचे कागद बघणाऱ्या वकीलबाईंच्या मते मृत्युपत्रात असे चालत नाही. चालत नसेल तर तेवढे बेकायदेशीर राहू द्या. किल्ली दिली आहे.

स्थळ : दुसरा मजला, गच्चीकडची खोली.
दिनांक : शस्त्रक्रियेआधीचा चौथा दिवस, गुरुवार, दुपारी चार.

सही : लिहून ठेवणारी

साक्षीदार : (१) तळमजल्यावरचा चष्मेवाला. (२) घराच्या कागदांची वकीलबाई.

आम्हा दोघांसमोर तिने सही केली. वाचून पाहिले, समजून केले. 'हात स्थिर होता' असेही लिहा, असे तिने सांगितले. ते आम्ही लिहीत नाही. सही तिचीच आहे.